वेलीला आवतण

किशनला आयुष्यात सहसा कशाची लाज वाटली नव्हती. पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत चपला हरवून तो अनवाणी एसटीनं घरी आला, तेव्हाही नाही. पण एका काटेरी वेलीशी बोलायचं म्हटल्यावर मात्र गड्याचे कान लाल झाले.

गोष्टच तशी होती. त्याच्या बायकोला, रेणूला, मुलगा होऊन पंधरा दिवस झाले होते आणि अंगावरचं दूध पुरत नव्हतं. मालेगावच्या डॉक्टरीणबाईंनी पोराला वजनकाट्यावर ठेवलं. "वारंवार पाजत राहा, शतावरी द्यायलाही हरकत नाही. पण आठ दिवसांत वजन वाढलं नाही, तर वाशिमला भरती करावं लागेल," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रेणू कुणाशी बोलेना. पोराला छातीशी धरून ती नुसती भिंतीकडे बघत बसे, आणि किशनला ते बघवत नसे.

त्यानं शतावरीच्या चूर्णाची बाटली आणली. त्याची आई गोमतीबाई बंजारा तांड्याची सुईण. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकून टाकलं.

"भुसा हाये हा! टेकडीवर जिती वेल असतानी बाटली कायले आणली? चाल, आज आवतण देऊ, उद्या खंदू."

"झाडाले आवतण, याडी?" आईला तो तांड्याच्या रीतीप्रमाणे याडीच म्हणायचा.

"पाहुण्याले का मानगूट धरून आणतं तू घरी?"

उन्हं कलताना दोघं किन्हीराजा गावाच्या रस्त्यालगतच्या टेकडीवर गेली. वेलीच्या बुडाशी हळद-तांदूळ वाहिले, तांब्याभर पाणी घातलं. आता बाळाच्या बापानं तोंडानं बोलायचं होतं. खालून मोटरसायकलवर दोघे जण चालले होते. ते वळणाआड जाईपर्यंत किशन थांबला आणि मग शर्टाच्या कॉलरमध्ये पुटपुटला, "उद्या तुले घ्याले येतो, लेकरासाठी."

"तिनं ऐकलं नसंन," गोमतीबाई म्हणाली.

"ऐकलं, ऐकलं," म्हणत तो खाली पळाला.

सकाळी त्यानं कुदळ घेतली. वर पाहावं तर सुईसारखी बारीक पानं आणि करंगळीएवढं खोड, अगदी केविलवाणा जीव. हातभर माती निघाली आणि किशन खालीच बसला. आत पांढरीशुभ्र, बोटाएवढी जाड मुळं एकमेकांना बिलगून होती. साठापर्यंत मोजली, मग मोजणं सोडलं. एवढ्याशा वेलीनं या मुरमात हे सगळं कधी साठवलं असेल? आणि कुणासाठी?

हावरटासारखा तो सगळीच उपटायला लागला. गोमतीबाईनं मनगट धरलं.

"अर्धी तिची. पुढच्या बाळंतिणीनं काय माती खावी?"

मग तिनं पदराच्या गाठीतून रेणूची हिरवी बांगडी काढली. "हे तिच्या बुडात ठेव, आन् माती लोट. जिच्यासाठी मुळं नेली, तिची खूण राह्यते."

जागा करायला त्यानं माती उकरली, तर बोटाला काहीतरी टणक लागलं. तांड्यातल्या बाया हातभर घालतात, तसली रुंद पांढरी बांगडी, बलिया, होती.

"माही हाये," गोमतीबाई म्हणाली. "तू झाला तवा मलेबी दूध नव्हतं."

तिच्याखाली आणखी एक होती, हाडाची, पिवळी पडलेली. तिच्या कड्यातून एक जाड मूळ आरपार वाढलं होतं.

"ते तुह्या आजीची. तुह्या बापाच्या वक्ताची."

किशननं कुदळ बाजूला ठेवली. जिच्याशी बोलायची काल लाज वाटली, तिच्याच जिवावर तो पोसला होता, त्याचा बाप पोसला होता. त्यानं हिरवी बांगडी त्या दोन्हींच्या शेजारी ठेवली आणि दोन्ही हातांनी हळूहळू माती लोटली.

मुळं सोलून, आतली शीर काढून गोमतीबाईनं दुधात शिजवली आणि रोज दोन वेळा रेणूला पाजली. रेणू दर थोड्या वेळानं पोराला छातीशी घेत राहिली. पाचव्या दिवशी पोर पिता पिताच झोपलं. त्याच्या ओठाच्या कडेला दूध ओघळलेलं पाहून रेणू आधी रडली, मग हसली.

आठव्या दिवशी मालेगावचा काटा दोनशे ग्रॅमनं पुढे गेला होता.

परतताना किशननं टेकडीखाली मोटरसायकल उभी केली.

"काहून थांबले तुमी?" रेणूनं विचारलं.

त्यानं पोराला तिच्याकडून घेतलं आणि जपून वर चढला. खालून माणसांनी भरलेली जीप चालली होती, सगळे माना वर करून बघत होते. किशन वेलीपुढं उकिडवा बसला, पोराच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं आणि जीपमधल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"पाह्य व, हा माहा पोरगा. तुले दाखवाले आणला."