झाकणाचा चमचा

मामांच्या दुकानाचं दार आतून सहज उघडत नसे. त्यांच्या टेबलाखालचं बटण दाबलं की कुलूप टक् करून क्षणभर सुटायचं आणि पुन्हा लागायचं. चोरांच्या धास्तीने बसवलेली ही सोय. बटण दाबून दार गाठणं एकट्या माणसाला जमत नाही, हे भाचीने केव्हाच करून पाहिलं होतं.

आई गेल्यापासून ती मामांकडेच वाढली. रसायनशास्त्राची परीक्षा दिली आणि निकाल लागेपर्यंत म्हणून जुन्या चांदीच्या या दुकानात बसली, ती बसलीच. दोन्हीकडे काचेची कपाटं, मधे एकाच माणसापुरती वाट. समोरून मामी आल्या की एकीने अंग चोरून कपाटाला चिकटायचं.

आता दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं. उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

"जा की! मी कधी नाही म्हटलंय?" मामांनी मखमलीवर चांदीचा एक चमचा ठेवला. "फक्त हे काय आहे तेवढं सांग. मग तू मोकळी."

मागच्या खेपेला तिचं मोकळं होणं एका चिमट्यावर अडलं होतं, त्याआधी एका गाळणीवर.

चमचा खरंच चमत्कारिक होता. पुढच्या वाटीला बिजागरीचं झाकण, वाटीच्या टोकाला चिंचोळी फट आणि अंगठ्याएवढा जाड दांडा. विकणाऱ्या बाईंनाही काही सांगता आलं नव्हतं.

"माशा बसू नयेत म्हणून झाकण असेल," मामी म्हणाल्या.

"तुझ्या तोंडाला बसवू का असं एक?"

"बसवा. मग गिऱ्हाइकांना तुमचंच ऐकावं लागेल. उद्यापासून दुकान बंद."

भाचीने चमचा तोलला, मग पाण्यात बुडवून पुन्हा तोलला. आकाराच्या मानाने फारच हलका. म्हणजे दांडा पोकळ. पण मग भोक कुठाय? तिने दांड्याचं टोक भिंगाखाली धरलं. मधोमध पांढरा ठिपका दिसला.

"मामा, हा घासलात?"

"आल्या आल्या! कळकट वस्तू आपल्या टेबलावर येते का कधी?"

दुकानाची रीतच ती. आधी चकाकी, मग चौकशी. पॉलिशची भुकटी भोकात बसून दगड झाली होती. तिने ती सुईने कोरून काढली आणि दांड्यातून फुंकर मारली. वाटीच्या फटीतून वारा आला. तिला हसूच फुटलं. कॉलेजात काचेच्या नळीच्या टोकावर बोट दाबून तिने कितीदा तरी आम्ल असंच उचललं होतं.

"औषध पाजायचा चमचा आहे," ती म्हणाली. तिने वाटीत पाणी भरलं, झाकण लावलं, दांड्याच्या भोकावर अंगठा दाबला आणि चमचा खाली कलता केला. थेंब पडेना. "एरंडेल प्यायला मूल तयार नसलं की गोड बोलत हा ओठांत सरकवायचा. अंगठा काढला की सगळं घशात. अंगठा आहे तोवर मात्र काही हलत नाही. मागून हवाच शिरत नाही ना..."

ती बोलता बोलता थांबली.

"वा!" मामांनी चमचा तिच्या हातून घेतला. "आता तूच सांग, तुझ्याशिवाय हे कुणाला कळलं असतं? या खणात परवा आलेली एक डबी आहे बघ, तिला दोन बुडं..."

"मामा, मी मोकळी ना?"

"अगं, मग मी धरून ठेवलंय का तुला?"

भोकावर अंगठा दाबून ते लहान मुलासारखे चमचा उलटासुलटा करत होते. ती खांद्याला पिशवी अडकवून, कपाटांमधून आडवी होत दारापाशी गेली. पिशवीतला फोन वाजायला लागला.

"मामा, दार."

मामांनी अंगठा काढला. पाणी भळ्ळकन मखमलीवर सांडलं. मामी फडकं शोधायला आत पळाल्या.

"थांब गं जरा. हात ओले आहेत, बटणाचा शॉक बसेल."

काचेबाहेरून माणसं येत-जात होती. तिने काचेला तळहात टेकला, फोन कानाला लावला आणि मामांना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हो, मीच. येतेय मी. सोमवारी हजर होईन."

मागे मखमल झटकणारे मामांचे हात थांबल्याचं तिला कळलं. तिने वळून पाहिलं नाही. दाराची मूठ धरून ती त्या टक् आवाजाची वाट पाहत उभी राहिली.