पाठीमागचा हात

दाजीने पाना फिरवून मोठ्या ड्रमचा पाय घट्ट केला आणि अख्खा सेट हातभर पुढे ओढला. साउंडवाल्याने लगेच हाळी दिली.

"ओ दाजी, मागे घ्या! तुमच्या ढणढणाटात गाणं बुडतंय."

"गाणं कसलं बुडतंय, बुडलोय मी."

पोरं हसली. दाजी खरं तर एकट्या गायकाचा, त्याच्या बहिणीचा नवरा. पण बँड सुरू झाला तोच दाजीच्या गॅरेजात, तेव्हापासून तो सगळ्यांचाच दाजी झाला. मेव्हण्याला ओढून माइकपुढे उभं करणाराही तोच. आणि आता पहिल्याच दौऱ्यात, दारावरच्या पोस्टरवर मेव्हणा केसांपासून हनुवटीपर्यंत, हा एवढा मोठा. दाजीचं काय? एक कोपर.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"माझा भाऊ जेवला का हो?"

"जेवला."

"घसा बरा आहे ना त्याचा?"

"माझे हातही बरे आहेत," दाजी म्हणाला. तोवर तिने फोन ठेवलेला.

संध्याकाळी हॉल भरला. मेव्हणा दिव्यात आला तशा पोरी किंचाळायला लागल्या. दाजी मागे अंधारात. त्याच्या वाट्याला रोज तीच एक पाठ, आणि त्या पाठीवर येणारा तो हात. पहिल्या गाण्याआधी मेव्हणा डावा हात मागे न्यायचा, बोटं हलवायचा. चल, कर सुरू. नोकराला खुणावावं तसं. मग दाजीने काठीवर काठी चार वेळा वाजवायची आणि सगळ्यांनी सुटायचं.

आज हात मागे आला. बोटं हलली. दाजीने काठ्या मांडीवर ठेवल्या.

बघू दे जरा, कोणाचं अडतं ते.

गिटारवाल्याने वळून डोळे वटारले. किंचाळणं ओसरलं. कुणी खोकलं, कुणी शिट्टी मारली. मेव्हणा पुढे तोंड करून उभाच. दिवेवाल्याला वाटलं, मागे काहीतरी गडबड झाली. त्याने मागचा दिवा लावला आणि उजेड थेट त्या पाठीवर पडला.

शर्ट घामाने चिकटलेला. आणि तो हात. मेव्हणा बोटं हलवत नव्हता, ती आपोआप थरथरत होती. गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखी हवेत काहीतरी धरायला चाचपडत होती.

दाजीने पटकन काठ्या उचलल्या. चारच्या जागी आठ ठोके दिले, सावकाश. पहिल्या तीन-चार ठोक्यांतच ती बोटं मिटली.

कार्यक्रम संपल्यावर मेव्हणा मान पुसत आला.

"दाजी, मला वाटलं उठून गेलात."

"काठी निसटली होती."

"जीव गेला ना माझा."

"मग गाढवा, वळून बघायचं होतंस."

"वळलो असतो तर पुन्हा पुढे तोंड करता आलं नसतं."

दाजीने त्याच्या हातातला टॉवेल ओढून घेतला आणि कोरडा दिला.

पुढच्या गावात दाजीने सेट पुन्हा पुढे ओढला. बसल्या जागेवरून काठीचं टोक मेव्हण्याच्या पाठीला लागेल, इतका.

"बघा, दाजींना फोटोत यायचंय!" गिटारवाला ओरडला.

"यायचंय तर," दाजी पाना फिरवत म्हणाला. "कोपर छान येतं माझं."