तिसरी हाक

वज्रोजी तीनदा हाक मारल्याशिवाय यायचा नाही. लातूरच्या एका केबलवाल्याने भाड्याच्या कॅमेऱ्यावर ही मालिका काढली होती आणि तिच्या कॅसेटी औसा तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत पोचायच्या. मुखवटा, राखाडी कपडे, अचाट ताकद, हे सगळ्याच नायकांना असतं. तिसऱ्या हाकेचा नियम मात्र आमच्या घराघरातला होता. भूत दोनदाच हाक मारू शकतं, तिसऱ्यांदा मारतो तो माणूस. म्हणून त्याआधी ओ देऊ नये. वज्रोजीही तेच पाळायचा.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं दगडमातीचं घर बसलं. मी नऊ वर्षांची होते, धाकटा वीरेश सात. आई पलीकडच्या खोलीत होती, ती गेली. आम्ही दोघं एका तुळईखालच्या पोकळीत अडकलो. वीरेशला धीर म्हणून कधी नव्हताच. "वज्रोजी!" त्याने एकदाच हाक मारली आणि लगेच खालून उत्तर आलं, "आलो."

"आप्पा हाय, मंजे! आप्पाचा आवाज हाय!" असं म्हणत तो सरपटत निघाला. मी त्याचा पाय धरला होता, तो सुटला. आप्पा, आमचे वडील, त्या रात्री लातूरला आडतीवर होते.

मग मी वज्रोजीला तीनदा हाक मारली. बऱ्याच वेळाने वरून उजेड आला आणि तोंडाला फडकं बांधलेल्या एका जवानाने मला उचललं. वीरेश सापडला नाही. त्या पोकळीखाली जायला जागाच नव्हती, घट्ट जमीन होती, असं जवान म्हणाले.

आता मी लातूरला मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. मुली डॉक्टर व्हायला येतात आणि आईच्या आठवणीने उशीत रडतात. त्यांना मी खडूस वाटते. वाटू दे.

मधल्या काळात केबलवाल्याला पुण्याच्या कंपनीने घेतलं, पुण्याच्या कंपनीला हैदराबादच्या मोठ्या कंपनीने गिळलं. दोन आडती एक झाल्या की हमालाचं नाव आधी पुसतात, तसं झालं. हैदराबादवाल्यांकडे स्वतःचा एक आगीतून उडणारा नायक होता. त्याला आणि वज्रोजीला एकत्र आणून पाच सिनेमे काढायचे, आणि नवा वज्रोजी पहिल्याच हाकेला येणार, असं ठरलं होतं. हे सांगायला आलोक नावाचा त्यांचा माणूस माझ्याकडे आला. 'वज्रोजीने वाचवलेली मुलगी' म्हणून माझी जुनी बातमी त्याला कुठेतरी सापडली होती.

"आजची मुलं तीन हाकांपर्यंत थांबत नाहीत हो, मॅडम," तो म्हणाला.

"थांबत न्हाईत म्हणून तर शिकवायचं, साहेब. पयल्या हाकेला जे येतं, ते तो नसतो."

तो गोड हसला. असं हसणाऱ्यांचा मला भारी राग येतो. तरी मी त्यांच्या जाहिरातीच्या कार्यक्रमाला यायला कबूल झाले, का तर माईकवरून मुलींना एवढं तरी सांगता येईल.

आमच्या मुली जातात त्या कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये, भर दुपारी, पोरी खचाखच बसल्या होत्या. माझ्या हातात माईक येण्याआधीच आलोकने तो उचलला. "सगळ्यांनी मिळून, एकदाच!"

"वज्रोजी!"

"आलो."

टाळ्यांचा पाऊस पडला. आलोक मात्र हातातल्या वायरीकडे बघत राहिला. रेकॉर्ड केलेलं उत्तर वाजवायची ती वायर त्याने अजून स्पीकरला जोडलीच नव्हती.

आवाज तळघराच्या दाराकडून आला होता. पुढच्या रांगेतली किनवटची वैष्णवी उठून तिकडे चालू लागली. "मॅडम, माझी माय बोलवून राहिली खाली." तिच्यामागे दुसरी उठली, मग अख्खी रांग. प्रत्येकीच्या तोंडावर सुट्टी लागल्याचा आनंद होता.

मी धावले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. "मागं व्हा! कुणीबी ओ द्यायची न्हाई!" मी वैष्णवीला ढकललं, एकीच्या थोबाडीत मारली. पोरी रडायला लागल्या, पण थांबल्या.

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, दाराला अगदी तोंड लावून कुणीतरी म्हणालं, "मंजे."

आवाज सात वर्षांच्या पोराचा होता. वीरेश सोडून मला मंजे कुणीच म्हणालं नाही. मी ओ दिली नाही.

"मंजे, सरक की."

ही दुसरी. मी कडी मुठीत घट्ट धरली आणि वाट बघत राहिले. हॉलमध्ये पोरींचे हुंदके थांबले, पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. हाक मार रे बाबा, मी मनात म्हणत होते, अजून एकदाच मार.

तिसरी हाक आली नाही. नंतर तळघर उघडलं तेव्हा आत मोडक्या खुर्च्या होत्या, बाकी काही नाही.

मी मुलींना वाचवलं असं सगळे म्हणतात. माझा सत्कार झाला, शाल मिळाली. पण तिसरी हाक आली असती तर मी दार उघडणार होते. पोरी माझ्यासमोर उभ्या होत्या, तरी उघडणार होते.