उपकारस्तुतीचे पाव

गुरुवारी बाजारातल्या कापड दुकानांच्या इमारतीतली लिफ्ट चौथ्या मजल्यावरून सुटली आणि थेट खड्ड्यात आदळली. दोनच मिनिटं आधी लिफ्ट दुरुस्त करणारा लिफ्टवाला तिच्यातून चहासाठी बाहेर पडला होता. त्याच्या चहाच्या नादाला नावं ठेवणाऱ्यांची तोंडं त्या दिवशी गप्प झाली. बायकोनं तिथल्या तिथं ठरवलं, रविवारी चर्चच्या मंडळीत उपकारस्तुतीचं अर्पण द्यायचं. रविवारी सकाळी तिनं खमिराचे चार मोठे पाव भाजले, नवऱ्याला इस्त्रीचा सदरा काढून दिला. तिचा आनंद गगनात मावत नव्हता.

लिफ्टवाल्याच्या घशाखाली मात्र तीन दिवस घास उतरत नव्हता. धसका घेतलाय बिचाऱ्यानं, असं लोक म्हणत. धसका खराच होता, कारण वेगळं होतं. लिफ्टचा पोलादी दोर ज्या क्लॅम्पनी आवळतात, पडलेल्या लिफ्टचे ते बदलायची वेळ आली होती. नवे आणायला गोदामापर्यंत कोण तंगडतोड करणार, म्हणून या पठ्ठ्यानं गेल्या आठवड्यात जुन्या सामानाच्या डब्यातले आटे झिजलेलेच लावले. चालतंय की! त्याच डब्यातले उरलेले दुसऱ्या दिवशी बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या लिफ्टला लावले. ती लिफ्ट आजही वरखाली करत होती. एका फोननं ती बंद झाली असती. पण फोन केला की कारण सांगावं लागणार, कारण सांगितलं की लायसन्स जाणार, वर तुरुंगही. सोमवारी जाऊन गुपचूप बदलून टाकू, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. भित्र्या माणसाचा सोमवारवर फार विश्वास असतो.

प्रार्थनामंदिरात सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांना आता फारसं दिसत नव्हतं, पण बायबलातलं लेवीय हे पुस्तक तोंडपाठ होतं, त्यामुळे पाळकसाहेबसुद्धा त्यांना जरा वचकून असत. त्यांनी पाव चाचपून पाहिले.

"जावईबापू, अर्पण कसलं म्हणायचं हे?"

"उपकारस्तुतीचं, आई. जीव वाचला ना."

"मग आजच संपवा. नवसाचं असेल तर दुसऱ्या दिवशी चालतं. उपकारस्तुतीचं सकाळपर्यंत ठेवायचं नसतं."

"आणि दोषार्पण असेल तर?" त्याच्या तोंडून निसटलंच.

"तर आधी तोंडानं कबूल करायचं, भरपाई करायची, मग देवासमोर यायचं. का हो?"

"काही नाही, सहज."

त्यांनी त्याचं मनगट बराच वेळ सोडलं नाही. "हात गार पडलेत तुमचे," त्या म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. लिफ्टवाला पाव घेऊन पुढे गेला आणि म्हणाला, "देवानं मला वाचवलं." पुढचं वाक्य अगदी जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात मंडळीनं एका सुरात आमेन म्हटलं आणि ते वाक्य त्यानं गिळून टाकलं. लिफ्ट पडली कशी, हे कुणीही विचारलं नाही. आभार मानणाऱ्याला असलं कुणी विचारत नाही.

उपासना संपल्यावर अंगणात पावाचे तुकडे वाटायला सुरुवात झाली. इतक्यात गायनमंडळातला तरुण सुतार बायकोला धरून सावकाश येताना दिसला. तिला कळा सुरू झाल्या होत्या.

"काका, आम्हालाही एक तुकडा द्या. दवाखान्यात निघालोय."

"कितवा मजला?"

"तिसरा."

"जिन्यानं जा," लिफ्टवाला म्हणाला.

अंगणात हशा पिकला. ती पोटुशी मुलगीसुद्धा कळ आवरत हसली. "अहो, हिला आता तीन जिने चढायला लावता?" लिफ्टवाल्याची बायको म्हणाली आणि तिनं त्याची पाठ थोपटली. "लिफ्टचं नाव काढलं तरी घाम फुटतो यांना!"

"आणि काका, तिथली लिफ्ट तर तुम्हीच दुरुस्त केलीत ना?" सुतार म्हणाला. "मग आम्हाला कसली भीती?"

सगळे त्याच्याकडे किती मायेनं बघत होते! आता बोललं नाही तर पुन्हा कधीच नाही, हे त्याला लख्ख कळत होतं.

"हो," तो म्हणाला, "मीच केली."

त्यानं पावाचा मोठा तुकडा कागदात बांधून त्या मुलीच्या हातात दिला. सुतारानं तिला जपून गाडीत बसवलं. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा सगळ्यांबरोबर तोही हात हलवत होता.