अकरा प्रश्न, अकरा उत्तरं

"मॅडम, तुम्हाला दुसरं काहीच जमलं नाही म्हणून तुम्ही शिक्षिका होताय का?"

हा प्रश्न मी विचारला. भर वर्गात, उभी राहून, अगदी स्पष्ट आवाजात. "तुझ्यात नाही एवढा दम," असं माझ्या दोन मैत्रिणी मधल्या सुट्टीभर म्हणत होत्या. त्यातली एक वकील, म्हणजे फळ्यावर तारीख लिहिली तरी हरकत घेणारी. दुसरी पेंगू, जी कुठल्याही तासाला डोळे उघडे ठेवून झोपू शकते. गेल्या वर्षीची मी असते तर प्रश्न घशातच विरघळला असता. पण यंदा मला काय झालंय कुणास ठाऊक, मनात आलं की तोंडातून बाहेर पडलेलंच असतं.

वकील बाकाखाली काहीतरी शोधायला लागली. तिथे काहीही नव्हतं.

ज्यांना विचारलं त्या म्हणजे आमच्या शिकाऊ मॅडम. शिक्षणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होत्या आणि सहा आठवडे आमच्यावर सराव करायला आल्या होत्या. त्या येईपर्यंत आमच्या भौतिकशास्त्राचं पार वाटोळं झालं होतं. जुने सर निवृत्त झाले, नवीन कुणी मिळेना, म्हणून सहा महिने खेळाचे सर येऊन बसायचे. "आतल्या आत वाचा," म्हणायचे आणि स्वतः शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसायचे. शेवटचं वर्ष, बोर्डाची परीक्षा, आणि आम्ही आतल्या आत वाचतोय!

मॅडम रागावल्या नाहीत. टेबलाला टेकल्या आणि म्हणाल्या, "जमलं होतं की. दोन वर्षं एका कारखान्यात होते. पुठ्ठ्याचा खोका किती उंचावरून पडला की फुटतो ते मोजायचं काम. पगार चांगला होता. खोकेही चांगले होते."

"मग सोडलं कशाला?" हा वकिलीचा आवाज, बाकाखालून.

"खोके कधी 'अच्छा, असं होय!' म्हणत नाहीत गं."

सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि हळूच बसायला लागले, तर मॅडम म्हणाल्या, "तू उभीच राहा. माझ्या पाठाच्या टाचणात एक रकाना रिकामा आहे. विद्यार्थ्याने वर्गाला शिकवणे, दहा मिनिटं. एवढी धिटाई आहे तर उद्या तूच ये."

पेंगू चक्क जागी झाली. "आता भोगा," असं ती पुटपुटली आणि परत पेंगली.

*

घरी मी बाबांना धरलं. माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. वीस वर्षं झाली, कपड्यांना कायम ग्रीसचा वास. आणि वीस वर्षं त्यांचं एकच दुखणं आहे. शाफ्टमध्ये उतरून दोर तपासतात बाबा, आणि खाली स्वच्छ शर्टात उभा राहून कागदावर सही करतो कंपनीचा इंजिनिअर. म्हणून मी इंजिनिअर व्हायचं, हे मला दात यायच्या आधीपासून ठरलेलं. प्रवेश परीक्षेची पुस्तकं त्यांनी दोन वर्षांपूर्वीच आणून ठेवलीत, प्लास्टिकच्या कव्हरात. आई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिचं म्हणणं एवढंच, की मुलीला उभं राहून काम करायला लागू नये.

"बाबा, वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये जायचंय."

"कुणाचं वजन?"

"माझं. वर जाताना आणि खाली येताना."

बाबांनी एकही उलटा प्रश्न विचारला नाही. किल्ल्या उचलल्या. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मी काट्यावर उभी, बाबा गुडघ्यावर बसून आकडे वाचतायत आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात भाजीची पिशवी घेऊन खोळंबलेल्या. थांबलेल्या लिफ्टमध्ये अठ्ठेचाळीस. वर जायला सुरुवात होताना काटा एकदम त्रेपन्नावर. खाली सुटताना त्रेचाळीस. आणि मधल्या मजल्यांवरून सरळ जाताना पुन्हा मुकाट्याने अठ्ठेचाळीस.

"अहो, तब्येत बरी आहे ना मुलीची?" काकूंनी विचारलं.

"दोन मजल्यांत पाच किलो वाढली," बाबा म्हणाले. इतके खूश मी त्यांना कितीतरी दिवसांनी बघत होते.

*

दुसऱ्या दिवशी मी वर्ग गाजवला. म्हणजे मला तसं वाटलं. लिफ्ट काढली, बाण काढले, काकूंची पिशवीसुद्धा काढली. "वर निघताना काटा का वाढतो? कारण लिफ्टची जमीन आपल्याला वर ढकलते! मग मधे का वाढत नाही? कारण तिथे वेग बदलतच नाही! खाली सुटताना काय होईल? बरोब्बर, कमी!" तोफखाना नुसता. सगळ्या माना डोलत होत्या. दहा मिनिटं संपली तेव्हा टाळ्या पडल्या आणि मी खडूचे हात असे झटकले, जसं काही मी जन्मापासून हेच करतेय.

मॅडम मागच्या बाकावर वहीत रेघा ओढत होत्या. उठून म्हणाल्या, "छान. अकरा प्रश्न विचारलेस. उत्तरं कुणी दिली?"

मी आठवलं. मग परत आठवलं. "मी."

"किती?"

"अकरा."

वकील खिदळली. मॅडमनी पेंगूला विचारलं, "तुला काय कळलं?"

पेंगू प्रामाणिक आहे, हा तिचा सगळ्यात मोठा दोष. ती म्हणाली, "काहीच नाही मॅडम. पण ही खूप छान दिसत होती."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मघाच्या त्या सगळ्या डोलणाऱ्या माना काय माझ्या आवाजावर डोलत होत्या?

मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझे पहिले चार पाठ असेच गेले. आम्हाला सांगतात, प्रश्न विचारला की जीभ चावून धरा आणि पाचपर्यंत मोजा. मी हात मागे घेऊन बोटांवर मोजते."

अच्छा! म्हणजे ती मागे चाललेली बोटांची चुळबुळ! आम्ही तीन आठवडे त्याची नक्कल करत होतो. वकिलीच्या मते मॅडमना खाज सुटायची.

"पाच मिनिटं उरलीत," मॅडम म्हणाल्या. "हिलाच विचार. एकच प्रश्न."

मी पेंगूसमोर उभी राहिले. हात मागे. "लिफ्ट वर चाललीये. मधल्या मजल्यांवरून, एकाच वेगाने. काटा वाढलेला असेल, कमी असेल की तेवढाच?"

एक. दोन.

"वाढलेला," पेंगू म्हणाली. "वर चाललीये ना."

चूक! माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर नाचत होतं. ते आवरणं म्हणजे शिंक आवरण्यासारखं. मी एवढंच म्हणाले, "तू लिफ्टमध्ये असतेस तेव्हा पायांना काय वाटतं?" आणि परत मोजायला लागले. तीनपर्यंत आले तेव्हा वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. चारला वकिलीने तोंड उघडलं. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने ते मिटलं. पाच झाले. मी सहा मोजले. सातही मोजले.

"सुरू होताना पाय दाबल्यासारखे होतात," पेंगू हळूहळू म्हणाली. "पण मग... मग काहीच वाटत नाही. मी तर मधे झोपते. म्हणजे थांबलेलीच असल्यासारखं. म्हणजे... अठ्ठेचाळीसच? थांब, थांब! वर जाण्याचा काही संबंधच नाहीये! वेग वाढतो तेव्हाच फक्त! असं होय!"

ती उभी राहिली होती. तिला कुणी उभी राहा म्हटलं नव्हतं. तीन वर्षं मी त्या मुलीच्या शेजारी बसतेय, पण तिचे डोळे एवढे मोठे आहेत हे मला माहीतच नव्हतं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले होते तेव्हाही असं काही झालं नव्हतं.

*

तास संपल्यावर मी मॅडमच्या मागे मागे शिक्षकखोलीपर्यंत गेले. त्यांना शिष्यवृत्ती होती, हे तेव्हा कळलं. गणित आणि भौतिकशास्त्राला शिक्षक मिळत नाहीत, म्हणून या दोनच विषयांसाठी देतात. चार वर्षांची फी, वसतिगृह, महिन्याचा खर्च, सगळं त्यात. त्या बदल्यात पुढे चार वर्षं सांगतील त्या शाळेत शिकवायचं.

"अर्ज शुक्रवारपर्यंत," त्या म्हणाल्या. "पण नीट ऐक. पहिल्या पसंतीला हेच लिहावं लागतं. दुसरं काही लिहिलंस की अर्ज बाद. आणि कालच्यासारखं रोज होत नाही हं."

"आजच्यासारखं, मॅडम."

"बघ, मलाही इतकं दमायला होतं की वारसुद्धा चुकतो. कित्येक दिवस चाळीस जण खिडकीबाहेर बघतात आणि तू पाच सोडून पन्नास मोजलेस तरी कुणी बोलत नाही. घरी विचार. मग ठरव."

मी दोन दिवस ठरवलं. म्हणजे ठरवत काहीच नव्हते, ठरलेलं होतं. मी फक्त बाबांच्या तोंडाकडे बघत होते. ते कामावर सगळ्यांना लिफ्टमधल्या काट्याची गोष्ट सांगून आले होते. "साहेबालाही सांगितलं," म्हणाले. "तोही बघत राहिला. म्हटलं, माझी मुलगी तुमच्या खुर्चीवर बसणार आहे."

गुरुवारी संध्याकाळी आई दुकानातून आली, बाबा हातपाय धुऊन बसले. मी अर्ज टेबलावर ठेवला आणि खुर्ची न ओढता उभीच राहिले.

"कसला कागद?" आईने विचारलं.

"बस ना, उभी का?" बाबा म्हणाले.

"बाबा, मला माहितीये तुम्हाला वाईट वाटणार आहे. वाटू दे. दोन दिवस रुसा, मी चहा करून देईन. आई, तू म्हणशील जन्मभर उभं राहायचं काम आहे. आहेच. पण मी नीट विचार केलाय आणि कुणाच्या सांगण्यावरून करत नाहीये. मी इंजिनिअर होणार नाही. मी भौतिकशास्त्र शिकवणार आहे. पहिल्या पसंतीला तेच लिहिलंय, पेनाने, आणि उद्या मी हा अर्ज भरणार आहे."