हिराचा घसा

सन २०२२. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. माझी बायको हिरा तांब्या ओठांपासून वीतभर वर धरून पाणी प्यायची, आणि चैत्राच्या निश्चल दुपारी तिच्या घशाचा घटघट आवाज विहिरीत बुडणाऱ्या पोहऱ्यासारखा सगळ्या वाडीला ऐकू जायचा. सावळ्या मानेवरून एखादा थेंब सुटायचा, उन्हात पेटायचा, पदरात विझायचा. पंचेचाळीस वर्षं मी तिला त्यावरून म्हैस म्हणत आलो. तिने एकदाही आवाज कमी केला नाही.

विवळवेढ्याची जत्रा चालू असतानाच तिला लकवा मारला. डावं अंग पडलं, जीभ जड झाली, घसा पार मुका झाला, घोटही उतरेना. नाकात नळी आली. नळीतून पेज आत जाई तेव्हा ती भिंतीकडे बघत राही. जसं शेजारच्या घरात पंगत बसलीय आणि आपण उंबऱ्याबाहेर.

मुलगा रमेश तिला डहाणू रोडला सुयांच्या दवाखान्यात न्यायला लागला. मीही जायचो. तिथली डॉक्टरीण जवळच्याच गंजाड गावची. तिची आजी माझ्या वाडीत चिकू वेचायची. केसाएवढ्या सुया ती हिराच्या मानेमागे, हनुवटीखाली लावी, आणि खिडकीतला उजेड त्यांच्यावर असा थरथरे की वाटावं, सुकल्या शेतात भाताचे कोंब आले.

"ह्याने खायला लागेल?" मी विचारलं.

"खात्री देत नाही, काका. व्यायाम आणि सुया, दोन्ही करून बघू. पण मी सांगेपर्यंत तोंडातून काही नाही. छातीत गेलं तर जीव जाईल."

"तुझी आजी मला विचारून फळ उचलायची, पोरी."

"म्हणून मी विचारत नाही, सांगतेय."

हिरा हसली. अर्ध्याच तोंडाने हसली, पण मला ते सुयांपेक्षा खोल गेलं.

नवव्या खेपेला तिने थुंकी गिळली. डॉक्टरीण म्हणाली, अजून थांबायचं. त्याच दुपारी घरी मी हिराच्या घशावर अंगठा दाबला. आम्ही चिकूवाले, फळ तयार झालं की नाही ते आमचा अंगठा सांगतो, दुसऱ्या कोणाला विचारत नाही. अंगठ्याखाली घसा हलला.

"मी काय... चिकू?" ती जड जिभेने म्हणाली.

"चिकू बरा. तोंड चालवत नाही. उघड."

तिने मान फिरवली. मी हनुवटी धरून परत वळवली. मग जुन्या सवयीने तिने तोंड उघडलं. कुस्करलेल्या पिकल्या चिकूचे तीन चमचे गेले. खोकलासुद्धा आला नाही. नुसते डोळे भरले आणि श्वास ओला वाजायला लागला. मी म्हटलं, जिंकलो.

संध्याकाळी ताप चढला. तिला मोठ्या दवाखान्यात हलवलं, चौथ्या दिवशी ती तिथेच वारली.

सुयांची डॉक्टरीण तिथे आली. "काका, तोंडातून काही दिलं होतं?"

रमेश माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो.

"मग तुमच्या सुयांनीच मारलं माझ्या आईला!" रमेश तिच्या अंगावर ओरडला. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, आणि मी नजर हटवली नाही. तेवढा हट्ट माझ्यात होता.

गेलेल्या माणसाचा चेहरा काळ हळूहळू पुसत नेतो. त्याच्याशी आपण काय केलं ते मात्र दर ऋतूला अधिक स्वच्छ दिसू लागतं. हे मला आता कळतं. तेव्हा, दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी धुतलेलं धोतर नेसून डॉक्टरणीच्या दवाखान्यात गेलो आणि बाकावर बसलेल्या माणसांना म्हणालो, "उठा. हिच्याकडे येऊ नका."