केल्सोंच्या दारावरचा दगड

मित्रांनो, मी एक जुना, तांबूस दगड आहे. स्कॉटलंडच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत एका घराच्या दारावर मी आडवा बसलो आहे. माझ्या अंगावर एकच शब्द कोरलेला आहे: केल्सो.

ते खाली नदीकाठच्या गावाचं नाव. तिथून अ‍ॅडम नावाचा पाथरवट या खोऱ्यात आला. लोक त्याला 'केल्सोचा अ‍ॅडम' म्हणू लागले आणि नातवंडांपर्यंत तेच आडनाव होऊन बसलं. मला त्यानेच घडवलं आणि आपल्या घराच्या दारावर बसवलं. घरात नवी सून आली, की आत शिरण्याआधी ती हात उंचावून माझी अक्षरं चाचपायची. फार लाड झाले माझे.

मग जमीनदाराला मेंढ्यांसाठी कुरण हवं झालं. त्याच्या कारभाऱ्याने, वॉल्टर ग्लेडस्टेनने, माणसं आणून आमच्या छपराला आग लावली. विधवा एल्सपेथ केल्सो लेकाला कवटाळून बाहेर उभी होती. ग्लेडस्टेन हसत म्हणाला, "परगावचं नाव लावता ना, मग परगावीच जा की."

मला उपटून त्याने आपल्या तबेल्याच्या उंबऱ्यात पालथं घातलं. नाव चिखलात आणि पाठीवर त्याचे बूट. याचा पाय घसरावा, कंबर मोडावी, एवढंच मी रोज मागत असे.

पुढे जमीनदार मेला. त्याच्या वारसाने तबेला पाडला आणि ग्लेडस्टेनलाही हाकललं. एल्सपेथचा लेक टॉमस आता पाथरवट झाला होता. ढिगाऱ्यात माझ्यावरचं नाव वाचून त्याने मला गाडीवर घालून नेलं, धुतलं आणि आईच्या नव्या दारावर बसवलं.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, तिन्हीसांजेला गारा पडत असताना ग्लेडस्टेन त्या दारात आला. आसरा मागू लागला.

"वर काय कोरलंय ते वाच," एल्सपेथ म्हणाली.

"केल्सो."

"आणि तुझं नाव काय?"

त्याने मान खाली घालून सांगितलं.

"त्या नावाचं इथे कुणी राहत नाही," असं म्हणून तिने कडी लावली. टॉमस दार उघडायला उठू लागला, तेव्हा तिने त्याच्यापुढे पेजेचा वाडगा सरकवला.

मित्रांनो, मी दया शिकवावी असं तुम्हाला वाटेल. मला ती येत नाही. तो भिजत उतरणीला लागला, तेव्हा मला बरं वाटलं. तुम्ही एवढंच करा. कुणाचं घर मोडू नका. आणि मोडलेल्या घराचा दगड कुठे सापडला, तर तो कुणाचा, हे विचारल्याशिवाय त्यावर पाय ठेवू नका.